टेबल सॉवर आडवा काप: तुकडा गुण्यात यावा आणि बोटं जागेवर राहावीत म्हणून

स्टूल डुगडुगायला लागलं की आपण आधी जमिनीला दोष देतो आणि मग पायाखाली कागदाची घडी सरकवतो. मी पहिलं स्टूल केलं तेव्हा मीही तेच केलं. नंतर चारही पाय सोडवून शेजारी शेजारी उभे केले तर एक पाय अर्धा सूत आखूड, आणि त्याचं तोंडही जरा तिरकं. मशीन तेच, ब्लेड तेच, स्टॉप (माप पक्कं धरणारा ठोकळा) लावून एकापाठोपाठ एक कापलेले, मग एकटाच पाय आखूड कसा? कारण फारच क्षुल्लक निघालं, ते पुढे येईलच. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की टेबल सॉवर काप चुकतो तो बहुतेक वेळा तुकडा हलल्यामुळे चुकतो, आणि अपघात होतो तोही तुकडा हलल्यामुळेच होतो. म्हणून अचूकपणा वेगळा आणि सेफ्टी वेगळी असं मी इथे लिहिणार नाहीये, दोन्ही एकत्रच येतील.

आधी नावं क्लिअर करू. टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल ब्लेड फिरवणारं मशीन. गुण्यात म्हणजे बरोबर काटकोनात. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावतात त्या दिशेने फळी चिरणं म्हणजे उभा काप, तिथे आधार फेन्सचा, म्हणजे ब्लेडला समांतर आवळलेल्या लांब सरळ पट्टीचा. रेषांना आडवं कापणं, म्हणजे फळी आखूड करणं, हा आडवा काप, क्रॉसकट. याला आधार माइटर गेजचा (टेबलाच्या खाचेतून सरकणारी पट्टी, तिच्या तोंडाला फळी टेकवायची) किंवा स्लेडचा (त्याबद्दल शेवटी). फेन्सचा नाही. आणि हातात धरून, कशाचाच आधार न घेता फळी ब्लेडमध्ये ढकलणं हा प्रकार या मशीनवर अस्तित्वातच नाही असं समजा.

फेन्स आणि गेज एकत्र का नाही

नवीन माणूस हमखास करतो ती चूक ही, आणि करण्यामागचं लॉजिक इतकं साधं आहे की बिचाऱ्याला चूक वाटतच नाही. त्याला २०० मिमीचे दहा तुकडे हवे असतात, मग तो फेन्स २०० वर लावतो, फळीचं टोक फेन्सला टेकवतो, मागून माइटर गेजने ढकलतो. पहिला तुकडा छान निघतो, दुसराही निघतो. तिसऱ्याला काय होतं की कापून सुटा झालेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये पडून असतो, त्याला कोणी धरलेलं नसतं, तो जरासा फिरतो, कोपऱ्याकोपऱ्यात अडकतो आणि ब्लेडच्या मागच्या बाजूच्या दात्यांना लागतो. आता ब्लेड कसं फिरतं बघा: पुढच्या बाजूचे दाते, म्हणजे आपल्याकडचे, खाली जातात, लाकडाला टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. तुकडा त्यांना लागला की ते त्याला उचलतात, आणि ब्लेडच्या माथ्यावरून सरळ तुमच्या दिशेने फेकतात. हाच किकबॅक.

किती जोरात, याचा अंदाज घ्या. १० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दात्याचं टोक सेकंदाला साधारण ५३ मीटर जातं, म्हणजे ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. तुकडा पूर्ण त्या वेगाने येत नसला तरी त्याच्या जवळपास जाऊ शकतो. मी एकदा हे खाल्लंय, शेल्फचे तुकडे कापताना. फट् असा आवाज आला, तुकडा मांडीवर आपटून मागच्या भिंतीवर गेला, आणि काय झालं हे कळायच्या आत सगळं संपलेलं होतं. दोन आठवडे मांडी काळीनिळी होती. त्यातलं भीतीदायक वेगळंच, तुकडा उडाला तेव्हा माझा हात पुढे ओढला गेला होता. लोक तुकडा लागण्याला घाबरतात, पण फळी अचानक हिसकली की तिच्यावर ठेवलेला हात ब्लेडकडे जातो, तो खरा धोका.

फेन्स मापासाठी वापरायचीच असेल तर तिच्या पुढच्या भागात, आपल्याकडच्या टोकाला, एक जाड ठोकळा क्लॅम्पने आवळा. फळीचं टोक ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं, मग गेज पुढे ढकलायचं, आणि फळी ब्लेडला लागायच्या आधीच ठोकळा मागे सुटलेला पाहिजे. म्हणजे सुटा तुकडा आणि फेन्स यांच्यात ठोकळ्याच्या जाडीएवढी मोकळी जागा राहते, अडकायला काही नाही. ५० मिमी जाड ठोकळा असला तर मनातल्या मनात वजाबाकी पण सोपी. तरीही माझं मत विचाराल तर स्टॉप गेजच्या बाजूला असलेला बरा, त्याबद्दल खाली.

मशीन आधी सरळ करा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो सोडतात. एक संध्याकाळ जाते, पण मग वर्षभर निवांत. सगळ्यात आधी प्लग काढा. स्विच बंद नाही, प्लग काढा, आणि प्लग डोळ्यांसमोर दिसेल असा ठेवा.

पहिली गोष्ट, ब्लेड माइटर स्लॉटला समांतर आहे का. टेबलावर ज्या दोन खाचा असतात त्यातूनच गेज चालतं, त्यामुळे आडव्या कापासाठी त्या खाचा म्हणजे मूळ रेषा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दात्यावर मार्करने खूण करा. कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या पट्टीचा गुण्या) खाचेच्या कडेला टेकवून त्याची पट्टी त्या दात्याला जेमतेम लागेल अशी आवळा. मग हाताने ब्लेड फिरवून तोच दाता मागच्या बाजूला आणा, स्क्वेअर तसाच मागे सरकवा आणि परत बघा. पट्टी तशीच हलकी घासली पाहिजे. तोच दाता का, तर दुसरा घेतला तर ब्लेडचा वाकडेपणा मापात मिसळतो. फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर शांत झोपा. जास्त असेल तर टेबलाखालचे ट्रनियनचे, म्हणजे ब्लेडला धरणाऱ्या सांगाड्याचे, बोल्ट (काही मशीनला टेबलाचे बोल्ट) थोडे ढिले करून लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोके द्यायचे, मोजायचं, परत ठोके. मशीनबरोबर आलेलं पुस्तक इथे कामाला येतं. हे जुळलेलं नसेल तर मागचे दाते कापलेल्या तोंडाला परत घासतात, तोंड खरबरीत होतं, जळतं, आणि किकबॅकला आयतं आमंत्रण.

दुसरी, ब्लेड टेबलाला काटकोनात आहे का. गुण्या ब्लेडच्या अंगाला लावा, दात्यांच्या मध्ये, कारण दात्याचं कार्बाइडचं (कठीण धातूचं) टोक पातळ पात्यापेक्षा बाहेर आलेलं असतं आणि गुण्या त्यावर चढला की माप खोटं येतं. ब्लेड तिरकं करायच्या, टिल्टच्या चाकावरच्या डिग्रीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो सजावटीसाठी असतो असं मी मानतो.

तिसरी, माइटर गेज. बहुतेक मशीनबरोबर येणारं गेज म्हणजे चेष्टाच असते, तोंड चार बोटं रुंद आणि पट्टी खाचेत खडखडणारी. खडखड आधी घालवा. पट्टी खाचेत डावी-उजवीकडे हलत असेल तर पट्टीच्या कडेवर सेंटर पंचने दोन-चार खळगे मारा, खळग्याभोवती धातू किंचित फुगतो आणि पट्टी घट्ट बसते. जास्त झालं तर कानसने घासा. काही पट्ट्यांना छोटे स्क्रू दिलेले असतात, तिथे हे करायची गरज नाही.

मग गेजला एक सरळ लाकडी फळी पुढून स्क्रूने जोडा, साधारण ५०० ते ६०० मिमी लांब, हाताच्या तीन-चार बोटांएवढी उंच, ब्लेडच्या पलीकडे थोडी जाईल अशी. पहिल्याच कापात ब्लेड तिला खाच पाडतं आणि ती खाच म्हणजे तुमची कापाची अचूक जागा, पेन्सिलची रेघ त्या खाचेच्या कडेला जुळवली की झालं. शिवाय ही फळी कापाच्या मागच्या बाजूला रेषांना आधार देते, तिथे ढलप्या उडत नाहीत. तिच्या तोंडावर पॉलिश पेपरची पट्टी चिकटवा, १२० नंबर वगैरे, कारण ब्लेड फळीला कापताना हळूहळू बाजूला ओढत असतं, आपल्याला कळतही नाही आणि काप कमानीसारखा येतो.

गुण्यात आहे की नाही, खरं कसं कळणार

गुण्या लावून गेज सेट करा, ठीक आहे, पण ती सुरुवात. खरी परीक्षा कापलेल्या लाकडावर.

झटपट पद्धत अशी: दोन्ही कडा एकमेकींना समांतर असलेली एक रुंद फळी घ्या, मध्ये कापा. आता एक तुकडा पालथा करा, म्हणजे वरचं तोंड खाली, आणि दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. चूक असेल तर दुप्पट होऊन फट दिसते. वरच्या बाजूने बघितलं तर गेजची चूक दिसते, कडेने जाडीकडे बघितलं तर ब्लेडच्या तिरकेपणाची. एका कापात दोन उत्तरं, मला ही पद्धत म्हणून आवडते.

त्याहून बारीक तपासायचं तर पाच कापांची पद्धत. प्लायचा अंदाजे चौरस तुकडा घ्या, ३५०-४०० मिमीचा. एक कड गेजला लावून दुसरी कड थोडी कापा. मग नुकतीच कापलेली कड गेजला टेकेल असा तुकडा फिरवा, पुढची कड कापा. असं चार वेळा. पाचव्या वेळी पहिली कापलेली बाजूच परत कापायची, पण या वेळी साधारण २५ मिमी रुंद पट्टी निघेल अशी. कापायच्या आधी पट्टीच्या दोन टोकांवर 'पुढचं' आणि 'मागचं' लिहून ठेवा, नंतर कुठलं टोक कुठलं हे शपथेवर सांगता येत नाही. आता व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही टोकांची रुंदी मोजा. समजा एक टोक २४.९० आणि दुसरं २४.५०. फरक ०.४० मिमी. प्रत्येक वळणावर चूक साठत गेलेली असते म्हणून चारने भागायचं, ०.१० मिमी, म्हणजे पट्टी ३५० मिमी लांब असेल तर गेज ३५० मिमीत ०.१० मिमीने चुकलंय. फर्निचरला हे चालून जातं, पण अजून कमी करता येतं. गेज किंचित फिरवा आणि परत पाच काप. फरक वाढला तर उलटीकडे फिरवलंत, एवढंच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सात वेळा केलं आणि प्लायचा तुकडा बघता बघता पोस्टकार्डाएवढा झाला.

ब्लेड

मशीनबरोबर येतं ते बहुधा २४ ते ४० दात्यांचं, उभ्या कापासाठी बरं. आडव्या कापाला १० इंचात ६० ते ८० दाते हवेत, आणि दाते एकाआड एक डावीउजवीकडे तिरके घासलेले, म्हणजे ते आधी रेषा सुरीसारख्या कापतात आणि मग मधलं लाकूड काढतात. ६० दात्यांचं ब्लेड ४००० फेऱ्यांवर सेकंदाला ४००० दाते मारतं, त्यामुळे तोंड गुळगुळीत येतं यात नवल काही नाही. पण तेच ब्लेड उभ्या कापाला वापरलं तर मात्र धूर काढतं. ब्लेड बदलताना प्लग काढलेला असलाच पाहिजे, आणि नट कुठल्या बाजूला सुटतो हे विसरलात तर एवढं लक्षात ठेवा, ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला नट सुटतो.

ब्लेडची उंची: फळीच्या वर दात्याएवढं, साधारण ३ ते ६ मिमी. वाद घालणारे भेटतील, उंच ठेवलं तर काप स्वच्छ येतो म्हणून, आणि थोडं तथ्य आहे त्यात, पण जेवढं ब्लेड बाहेर तेवढं बोटांना उपलब्ध. मी खालीच ठेवतो.

ब्लेडच्या मागे जो पातळ पोलादी पंखा उभा असतो तो रायव्हिंग नाइफ. ब्लेडबरोबर वरखाली होतो, चिरेत (ब्लेडने लाकडात पाडलेल्या फटीत) घुसून बसतो आणि तुकडा मागच्या दात्यांवर जाऊ देत नाही. तो ब्लेडच्या पात्यापेक्षा जाड पण चिरेपेक्षा पातळ पाहिजे आणि ब्लेडपासून ८ मिमीपेक्षा लांब नको. पातळ चिरेचं ब्लेड घेतलंत तर हे आधी तपासा, नाहीतर फळी अर्ध्यात येऊन नाइफलाच अडेल आणि तुम्ही जोर लावाल, जे अजिबात करायचं नाही. नेटवरच्या व्हिडिओत नाइफ आणि गार्ड (ब्लेडवरचं झाकण) दोन्ही काढलेले दिसतात, सांगतात की नीट दिसावं म्हणून काढलंय. दिसण्यासाठी काढलं ते ठीक, पण बघणारा पोरगा तेच शिकतो ना.

ब्लेडभोवतीची जी प्लेट असते तिच्यातली फट रुंद असेल तर खालच्या बाजूला ढलप्या उडतात आणि चिंचोळे तुकडे त्या फटीत जाऊन रुततात. प्लाय किंवा एमडीएफची आपली प्लेट करून, ब्लेड सगळं खाली घेऊन बसवायची, टोकावर नीट दाबून क्लॅम्प करायची आणि मशीन चालू करून ब्लेड हळूहळू वर आणायचं, ते स्वतःच स्वतःच्या मापाची फट पाडून घेतं. क्लॅम्प ब्लेडच्या रस्त्यात नाहीये ना, हे चालू करायच्या आधी बघा. आणि नाइफसाठी मागे फट लांबवायला विसरू नका, मी विसरलो होतो.

प्रत्यक्ष काप

कपडे: लोंबणारं काही नको, बाह्या कोपराच्या वर, अंगठी-घड्याळ काढून. हातमोजे घालू नका, हे सांगितलं की लोक चमकतात, पण मोज्याचा एक धागा दात्यात अडकला की अख्खा हात जातो. डोळ्यांना चष्मा, कानाला मफ. तोंडाला मास्क पण चांगला लावा, लाकडाचा भुसा कॅन्सरला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच सांगितलंय, त्यात कठीण लाकडाचा बारीक भुसा जास्त वाईट.

फळी बघा. सपाट तोंड टेबलाला, सरळ कड गेजला. पन्हळीसारखी वाकलेली असेल तर पोकळ बाजू खाली, म्हणजे दोन कडांवर बसते आणि झोका खात नाही. पीळ असलेली फळी टेबल सॉवर आणूच नका, ती कापाच्या मधोमध बसकण मारते आणि ब्लेडला आवळते. खिळा, सैल गाठ बघा. लांबलचक फळी असेल, म्हणजे गेजच्या बाहेर मीटरभर लोंबत असेल, तर टोकाला टेबलाच्याच उंचीचा आधार द्या किंवा सरळ हातकरवतीने आधी मोठा तुकडा पाडून घ्या, बारीक माप मग टेबल सॉवर.

गेज डाव्या खाचेत. डावा हात फळीला गेजच्या तोंडाशी दाबून धरतो, उजवा हात गेजच्या मुठीवर. दोन्ही हात ब्लेडच्या एकाच बाजूला. हे महत्त्वाचं, कारण सुटणाऱ्या तुकड्याला प्रेमाने धरायला गेलात तर तुम्ही चीर मिटवता आणि ब्लेड आवळता. तुकड्याला पडू द्या. तो टेबलावर पडून राहील, ब्लेडच्या शेजारी थरथरत राहील, आणि तुम्हाला त्याला बोटाने बाजूला सारायचा मोह होईल. नाही. ब्लेड थांबेपर्यंत नाही. बोटं ब्लेडपासून वीतभर तरी लांब, १५० मिमी धरा, आणि तुकडा इतका छोटा असेल की हे शक्य नाही, तर टॉगल क्लॅम्पने (दांडी दाबली की आवळणाऱ्या) गेजच्या फळीला आवळा किंवा हातकरवत घ्या, दोन मिनिटांचं काम असतं.

उभं कुठे राहायचं? ब्लेडच्या रेषेत नाही. गेजच्या मागे, थोडं डावीकडे, पाय जरा फाकवून, म्हणजे पुढे झुकताना तोल जात नाही. चालू करायच्या आधी फळी ब्लेडला लागलेली नाही हे बघा. चालू केल्यावर आवाज एकसारखा होईपर्यंत थांबा. मग ढकला, एकाच वेगाने, घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. आवाजाकडे कान द्या: ब्लेडचा सूर खाली गेला की वेग कमी करा, जळकट वास आला की तुम्ही फार हळू ढकलताय किंवा ब्लेड बोथट झालंय. कापाच्या शेवटी वेग आणखी जरा कमी करा, मागची धार तिथेच तुटते. काप पूर्ण होऊन फळी ब्लेडच्या पलीकडे गेली की मशीन बंद करा, ब्लेड थांबू द्या आणि मगच मागे ओढा. रोज करणारे लोक चालू ब्लेडवरून मागे ओढतात आणि परतताना तोंडाला पुसट आडव्या रेघा उठलेल्या दिसतात.

कापाच्या तोंडावर ढलप्या उडत असतील, विशेषतः प्लायवर, तर रेघ पेन्सिलने न मारता धारदार सुरीने ओढा, आणि कापाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा. सुरीने वरचा थर आधीच तुटलेला असतो, म्हणून कडा ब्लेडखालून निघतात त्या साबणाच्या वडीसारख्या.

एकसारखे तुकडे, आणि त्या स्टुलाचा पाय

आधी सगळ्या फळ्यांचं एक टोक गुण्यात कापून घ्या. नव्या फळीचं टोक बहुधा तडकलेलं असतं, ते ४-५ सेंटीमीटर गेलंच पाहिजे. त्या टोकावर टिकमार्क करा. मग गेजच्या लाकडी फळीवर डावीकडे स्टॉपचा ठोकळा क्लॅम्प करा, टिकमार्कवालं टोक स्टॉपला, दुसरं टोक कापायचं. असं केलं की मापाचा तुकडा गेजच्या ताब्यात राहतो आणि टाकाऊ तुकडा उजवीकडे मोकळा पडतो, म्हणून हा प्रकार मला फेन्सवरच्या ठोकळ्यापेक्षा सरस वाटतो.

माप लावताना स्टॉपपासून ब्लेडच्या त्या दात्यापर्यंत मोजा ज्याचं टोक डावीकडे झुकलंय. टेपच्या टोकाचा हुक मुद्दाम सैल ठेवलेला असतो, पण वापरून वापरून तो वाकतो, म्हणून बारीक कामाला मी १०० च्या रेघेपासून मोजतो आणि १०० वजा करतो (आणि वर्षातून एकदा वजा करायचं विसरून एक फळी १०० मिमीने आखूड कापतो, ते असो). पहिला तुकडा मुद्दाम एक-दोन मिमी लांब कापा, तपासा, मग स्टॉप सरकवा. अगदी केसाएवढा फरक हवा असेल तर स्टॉप हलवू नका, स्टॉप आणि फळीच्या मध्ये पत्त्यांच्या कॅटातला एक पत्ता घाला, पाव ते एक तृतीयांश मिमीने तुकडा आखूड होतो. ज्या जागेत तो बसवायचाय तिथेच लावून बघत बघत पत्ते वाढवायचे.

आता तो पाय. स्टॉपच्या ठोकळ्याची खालची धार चौकोनी होती, त्या कोपऱ्यात भुसा साठत गेला आणि तिसऱ्या पायाच्या वेळी भुशाबरोबर एक ढलपीही जाऊन बसली. पायाचं टोक स्टॉपला टेकलं असं मला वाटलं, प्रत्यक्षात ते ढलपीला टेकलं होतं, पाय तेवढा ब्लेडकडे सरकला आणि तेवढाच आखूड झाला. गेजच्या तोंडाशीही भुसा होताच, म्हणून तो तिरकाही निघाला. उपाय दोन मिनिटांचा: ठोकळ्याच्या खालच्या धारेला रंध्याने मोठी तिरपी धार काढा म्हणजे भुशाला जायला जागा मिळते, गेजच्या फळीच्या खालच्या धारेलाही तेच, आणि दर कापानंतर ब्लेड थांबलं की जुन्या पेंट ब्रशने स्टॉपजवळ एक झाडू मारा.

स्लेड

रुंद फळ्या आणि प्लायच्या शीट कापायच्या असतील तर गेज तोकडं पडतं. तिथे स्लेड, म्हणजे दोन्ही खाचांतून सरकणारा एक पाट, त्याला पुढे-मागे उभ्या फळ्या. फळीखालचं टेबल पण तिच्याबरोबर सरकतं म्हणून घर्षण नाही आणि फळी वळत नाही.

१२ मिमी चांगल्या प्लायचा तळ, खाचेत बसणाऱ्या दोन पट्ट्या वाळलेल्या कठीण लाकडाच्या. खाच बऱ्याच मशीनवर १९ मिमी रुंद आणि ९.५ खोल असते, पण आपल्या मशीनची मोजा, आणि पट्टीची उंची खोलीपेक्षा थोडी कमी ठेवा. खाचेत आधी दोन-तीन वॉशर टाकून त्यावर पट्ट्या ठेवा म्हणजे त्या टेबलाच्या किंचित वर येतात, त्यांच्यावर ग्लू लावा, ब्लेड खाली घेतलेलं, फेन्सला टेकवून तळ वरून बसवा, वजन ठेवा. ग्लू सुकला की वरून स्क्रू. मग पुढची उभी फळी (आपल्यापासून लांबची) पक्की लावा, ती फक्त दोन अर्ध धरून ठेवते, तिला गुण्यात असायची गरज नाही. ब्लेड वर घेऊन तळात चीर पाडा, पण शेवटपर्यंत नाही. आता आपल्याकडची मागची फळी, हिच्यावर सगळं अवलंबून. एका टोकाला एकच स्क्रू, दुसरं टोक क्लॅम्पने, गुण्या चिरेला लावून अंदाजे काटकोन, आणि मग वरची पाच कापांची पद्धत, फरक येईल तेवढं क्लॅम्पचं टोक फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) सरकवा आणि शेवटी स्क्रूंनी पक्कं करा.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही उभ्या फळ्या मध्यभागी ब्लेडच्या पूर्ण उंचीपेक्षा बऱ्याच उंच ठेवा, नाहीतर एका जाड लाकडाला त्या अर्ध्या तुटून स्लेडचे दोन स्लेड होतील. आणि मागच्या फळीच्या बाहेर, चिरेच्या बरोबर जागी, ७०-८० मिमी जाड लाकडी ठोकळा चिकटवा, कारण काप संपताना ब्लेड तिथूनच बाहेर येतं, आणि माणसाचा अंगठा सवयीने नेमका तिथेच टेकलेला असतो. त्या ठोकळ्याला लाल रंग द्या. शक्य असेल तर टेबलाखाली एक अडसर लावा म्हणजे स्लेड ठरावीक जागेपुढे जाणारच नाही. स्लेड वापरताना वरचं गार्ड काढावं लागतं, रायव्हिंग नाइफ मात्र चिरेतून आरामात जातो, तो राहू द्या.

तळाला आणि पट्ट्यांना मेण चोळा. दमट हवेत पट्ट्या फुगून स्लेड जड चालायला लागला तर ढकलायला जोर लावू नका, काढा, उलटा करा, जिथे पट्टी काळपट चकचकीत दिसतेय तिथेच ती घासतेय, तेवढीच जागा पॉलिश पेपरने दोनदा घासून परत मेण.